बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव आणि आताचं नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २७. लुथरन घरात वाढले. वडील मंडळीच्या (चर्चच्या) कार्यकारिणीवर, आई रविवारच्या शाळेत शिकवते. मी ट्रान्स स्त्री आहे. नऊ महिने झाले हॉर्मोन्स सुरू आहेत, घरी कुणाला माहीत नाही. मला देवही सोडायचा नाही आणि घरही. कसं सांगू? ज्या नावानं माझा बाप्तिस्मा झाला तेच नाव सोडून दिलं, तर तो बाप्तिस्मा उरतो का? आणि एक छोटी गोष्ट: मी गायनमंडळात बास, म्हणजे पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज, गाते. आता काय करू?"

बाप्तिस्म्यापासूनच सुरुवात करते. तो प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण घरी काय आणि कसं बोलायचं हे बरंचसं त्याच्या उत्तरावर ठरेल. आधी स्वतःबद्दल एवढंच सांगते की मी पाळक (पास्टर) नाही, समुपदेशक आहे. मात्र बावीस वर्षांत श्रद्धाळू घरांतली इतकी माणसं समोर बसली की मार्टिन ल्यूथरची (ज्याच्यावरून लुथरन पंथाचं नाव पडलं) छोटी प्रश्नोत्तरावली, म्हणजे श्रद्धेची मूळ शिकवण सांगणारी पुस्तिका, मला जवळजवळ पाठ झालीय.

लुथरन शिकवणीत बाप्तिस्मा हे देवाचं काम आहे, माणसाचं नाही. म्हणून तर तान्ह्या बाळाला तो देतात. त्या बाळानं काही कबूल केलेलं नसतं, काही सिद्ध केलेलं नसतं. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत ल्यूथर स्पष्ट लिहितो की माझा विश्वास बाप्तिस्मा घडवत नाही, तो फक्त स्वीकारतो. विश्वास डळमळला तरी बाप्तिस्मा खराच राहतो. विधीतले शब्द आठवून बघा. पाणी घालताना "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं" असं म्हणतात. ज्या नावावर तो विधी उभा आहे ते नाव देवाचं. तुमचं नाव तिथे एवढ्यासाठीच घेतात, की पाणी कुणाच्या डोक्यावर पडतंय ते कळावं. ते डोकं तुमचंच होतं. आजही तेच आहे.

त्यामुळे तुमचा बाप्तिस्मा उरतो, पूर्णच्या पूर्ण उरतो. कुणी "नव्या नावानं पुन्हा घे" असं सुचवलं, तर नम्रपणे नाही म्हणा. लुथरन मंडळ्या बाप्तिस्मा दोनदा देत नाहीत, आणि दुसऱ्यांदा मागणं म्हणजे पहिला खोटा होता असं मान्य करणं. फार तर आपल्या बाप्तिस्म्याची नव्यानं कबुली देता येते. काही मंडळ्यांत तिला जोडून नव्या नावासाठी आशीर्वादाची प्रार्थनाही करतात. नोंदवहीतलं नाव बदलायचं की नाही हा कार्यालयीन प्रश्न आहे. त्यात आत्ता शक्ती घालवू नका.

दृढीकरणाच्या, म्हणजे कळत्या वयात बाप्तिस्म्याची स्वतः कबुली देण्याच्या विधीच्या वेळी मिळालेलं बायबलवचन मात्र अनेकींना फार छळतं. माझ्याकडे एक बाई येत असत (ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत). त्यांच्या दृढीकरणाच्या प्रमाणपत्रावर यशया ४३:१ होतं. "मी तुला तुझे नाव घेऊन हाक मारली आहे, तू माझा आहेस." वर जुनं नाव ठसठशीत अक्षरांत, आणि खाली हे. एकदा त्या प्रमाणपत्र घेऊनच आल्या. ते टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हाक मारली म्हणे. कुठल्या नावानं? आणि 'माझा'?" मी काहीच बोलले नाही, कारण पटकन दिलेलं कुठलंही उत्तर तिथे खोटं वाटलं असतं. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी स्वतःच जुन्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली, पण तीही फक्त वरच्या कडेनं. उचलली की खालचं दिसतं. का, असं मी विचारलं नाही. प्रमाणपत्र त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे, असं नंतर कळलं.

तो "माझा" शब्द आपल्याला टोचतो, कारण मराठी लिंग लपवू देत नाही. काही भाषांत एक सर्वनाम बदललं की काम भागतं. आपल्याकडे मी गेले, मी थकले, मी येते, प्रत्येक वाक्य चुगली करतं. मला पाठवलेल्या पत्रात तुम्ही "वाढले" लिहिलंत आणि घरी फोनवर अजून "वाढलो" म्हणत असाल, तर दिवसातून किती वेळा जीभ वळवावी लागत असेल याची मला कल्पना आहे. त्याचा थकवा येतो, आणि तो खरा असतो. याचीच दुसरी बाजूही आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल. तुम्ही सांगितल्यावर आई कदाचित एक चमत्कारिक मराठी बोलायला लागेल. "जेवलास का" नाही, "जेवलीस का" नाही, "जेवण झालं का?" "कधी यायचं ठरतंय?" "बरं वाटतंय ना?" कर्ता गायब. काही मुलींना हा अपमान वाटतो. मला वाटत नाही. सत्तावीस वर्षांची सवय मोडायची, तर आधी जुना शब्द जिभेवर थांबवावा लागतो आणि नवा नंतर येतो. मधल्या काळात आई अशी बिनकर्त्याची वाक्यं शोधून बोलत असेल, तर ती प्रत्येक वाक्याआधी तुमचा विचार करते आहे. तिला सहा महिने द्या.

आता सांगायचं कसं, त्याकडे येते.

आधी सुरक्षितता. तुम्ही आई-वडिलांच्या घरात राहता का, पैशांसाठी त्यांच्यावर अवलंबून आहात का, औषधांचा खर्च कोण करतं, हे पत्रात नाही. घर सोडायची वेळ आली तर दोन-तीन महिने कुठे आणि कशावर राहाल, याचं उत्तर नसेल तर थांबा. थांबणं म्हणजे खोटेपणा नव्हे. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आजच एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा हेल्पलाइनशी बोला. "प्रार्थना करते, बरं वाटेल" एवढ्यावर राहू नका. प्रार्थनाही करा, पण डॉक्टरही गाठा.

तुमच्याकडे अमर्याद वेळ नाही, हेही खरं. नऊ महिन्यांत त्वचा, अंगावरचे केस, छाती यांत फरक दिसायला लागलेला असणार. पूर्ण परिणाम यायला दोन ते तीन वर्षं लागतात, पण जवळच्या माणसाच्या नजरेला त्याआधीच कळतं. तुमच्या तोंडून ऐकणं आणि आपणहून ओळखणं यांत घरच्यांच्या दृष्टीनं फार मोठा फरक असतो. दुसऱ्यात "आमच्यापासून लपवलं" ही जखम वर जमा होते.

रविवार टाळा, सणवार टाळा, उपासनेनंतरचं जेवण टाळा. लुथरन घरांत (सगळ्याच नाही, पण मी पाहिलेल्या बहुतेक) आरडाओरडा फार होत नाही. शांतता होते. ताटं उचलली जातात, वडील बाहेर जाऊन काहीतरी दुरुस्त करत बसतात, आई म्हणते "आपण प्रार्थना करू", आणि विषय मिटला असं सगळे धरून चालतात. या शांततेची तयारी ठेवा. ती नकार असेलच असं नाही. अनेकदा त्या घराला दुसरं काही येतच नसतं.

पत्र लिहा. एका पानाचं. समोरासमोर बोलायचं असेल तरी आधी पत्र लिहून ते हातात ठेवा. त्यात तीनच गोष्टी असू द्या: मी कोण आहे, हे मला किती वर्षांपासून ठाऊक आहे, आणि आत्ता मला तुमच्याकडून काय हवंय. तिसरी गोष्ट लहान आणि नेमकी असावी. "मला स्वीकारा" हे मागणं इतकं मोठं आहे की त्यावर माणूस हो तरी काय म्हणणार? त्यापेक्षा "घरात, फक्त आपणच असताना, मला या नावानं हाक मारून बघाल का?" किंवा "रात्रीच्या प्रार्थनेत माझं नाव घेता तिथे हे नाव घ्याल का?" असं मागा. दुसरं मागणं मला फार आवडतं. देवासमोर मोठ्यानं घेतलेलं नाव परत घेणं श्रद्धाळू माणसाला जड जातं.

पहिल्या दिवशी शास्त्रवचनांचा वाद घालू नका. तुम्ही जिंकाल आणि वडील हरतील, आणि हरलेले वडील तुमच्या काही उपयोगाचे नाहीत.

पण वाद येणारच, म्हणून थोडी तयारी. सर्वांत आधी येतं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २२:५, पुरुषानं स्त्रीचा पोशाख घालू नये हे वचन. यावर ल्यूथरचंच म्हणणं हाताशी ठेवा. १५२५ साली दिलेल्या मोशेविषयीच्या प्रवचनात तो सांगतो की मोशेचं नियमशास्त्र इस्राएल लोकांना दिलं होतं. आपल्यावर ते तेवढंच बंधनकारक, जेवढं निसर्गनियमाशी जुळतं. त्याच अध्यायात लोकर आणि ताग एकत्र विणलेलं कापड घालायलाही मनाई आहे, आणि मंडळीत त्यावर कुणी कुणाला अडवत नाही. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की वडील वाचणारे असतील तर लगेच म्हणतील, "नर आणि नारी हाच तर निसर्गनियम." म्हणजे खरी गाठ बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात आहे, सृष्टीच्या व्यवस्थेत. पुराणमतवादी लुथरन मंडळ्यांचा सगळा आक्षेप तिथेच उभा आहे. अमेरिकेतल्या मिझुरी सिनड या पुराणमतवादी लुथरन मंडळीच्या ईश्वरविज्ञान आयोगानं २०१४ साली या विषयावर काढलेलं मार्गदर्शनही त्याच पायावर आहे. दुःखात असलेल्या माणसाशी कळवळ्यानं वागा असं ते सांगतं, पण संक्रमणाला मान्यता देत नाही.

तिथे मी छोट्या प्रश्नोत्तरावलीकडे जाते, कारण ती तुमच्या आईच्या रोजच्या वापरातली आहे. तिच्यातलं विश्वासांगीकाराच्या (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीच्या) पहिल्या कलमाचं स्पष्टीकरण आठवा: देवानं मला निर्माण केलं, शरीर आणि आत्मा दिला, डोळे, कान, सगळे अवयव, बुद्धी आणि सर्व इंद्रियं दिली, आणि अजूनही तो ती सांभाळतो. आई यातलं "शरीर" वाचून दाखवेल. तुम्ही पुढचे शब्द शांतपणे वाचा. आत्मा, बुद्धी, आणि "अजूनही सांभाळतो." स्वतःबद्दलची जाण हीदेखील त्याच देणग्यांच्या यादीत आहे, आणि सांभाळण्यात डॉक्टरही येतात. याच यादीत पुढे कपडे आणि जोडे येतात. मघाशी सांगितलेल्या त्या बाई हे वाचून खो-खो हसल्या होत्या. कपाटात मागे दडवलेल्या चपलांच्या एका जोडाबद्दल त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

"देवानं मला चुकीचं घडवलं का" असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण बहुतेक जणींच्या मनात ते असतंच. ट्रान्स असणं हा मनाचा विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलाय. तुम्हाला "बरं" करून पुन्हा मुलगा बनवण्याचे उपचार किंवा शिबिरं कुणी सुचवली, तर तिथे पाऊलही ठेवू नका. प्रेमापोटी सुचवली तरी नाही. त्यांतून परतलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना पुन्हा उभं करायला वर्षं जातात.

एक वाक्य मात्र तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल, आणि गोड आवाजात: "आपण सगळेच पापी आहोत, बाळा." एकाच वेळी नीतिमान आणि पापी ही तर लुथरन शिकवणच, त्यामुळे वाक्य बिनतोड वाटतं. त्यात गफलत अशी की तुमचं स्त्री असणं हेच पाप, हे गृहीत धरूनच ते उच्चारलेलं असतं. तुम्ही चिडखोर असाल, आईला चोरून फोनवर बोलत असाल, देणग्या बुडवत असाल, तर त्याचा अंगीकार, म्हणजे देवापुढे कबुली, जरूर करा. लिंगभावाचा अंगीकार पाप म्हणून करू नका, कुणी कितीही प्रेमानं तसं सुचवलं तरी. एकदा ते शब्द तोंडातून गेले की पुढची क्षमा त्याच्यासाठीच मिळाली असं मनात बसतं, आणि मग दर रविवारी तोच हिशेब पुन्हा सुरू होतो.

पाळकांना आधी सांगावं का? पाळक कोण आहेत त्यावर अवलंबून. भेट मागताना पहिलंच वाक्य हे असू द्या: "मी सांगेन ते माझ्या घरच्यांनाही कळता कामा नये, हे चालेल का?" उत्तर देताना ते अडखळले, तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत या. छोट्या मंडळीत बातमी कुजबुजीनं पसरत नाही. ती प्रार्थनेचा विषय म्हणून पसरते. बुधवारच्या सभेत कुणीतरी हात जोडून म्हणतं, "अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, फार अवघड प्रसंगातून जातोय," आणि गुरुवारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. आई-वडिलांना सांगाल तेव्हा यासाठी वेगळी विनंती करा: मला विचारल्याशिवाय माझ्यासाठी चारचौघांत प्रार्थना मागू नका. ल्यूथरनं आठव्या आज्ञेखाली (खोटी साक्ष देऊ नको) शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या गोष्टींचा भला अर्थ लावावा असं लिहिलंय. आई ते दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेत असणार. तिला ते लगेच कळेल.

"लुथरन" म्हणजे एकच घर नाही, हे मात्र आई-वडिलांना बहुधा ठाऊक नसतं. लुथरन वर्ल्ड फेडरेशन ही १९४७ पासूनची जागतिक संघटना. तिच्यात दीडशेच्या आसपास मंडळ्या आहेत आणि मानवी लैंगिकतेवर त्यांचं एकमत नाही. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिकेनं २००९ साली समलिंगी जोडीदार असलेल्या पाळकांना सेवेची वाट मोकळी केली. त्यानंतर २०१३ मध्ये इथिओपियाच्या मेकाने येसूस मंडळीनं त्या मंडळीशी आणि स्वीडनच्या मंडळीशी संबंध तोडले. फिनलंडमध्ये इमात्रा इथल्या मुख्य पाळक मार्या-सिस्को आल्तो यांनी २००८ साली आपण स्त्री आहोत हे जाहीर केलं. मोठा गदारोळ झाला आणि २०१० मध्ये त्यांनी ते पद सोडलं. अमेरिकेत २०२१ साली मेगन रोरर या पारलिंगी व्यक्तीची बिशप म्हणून निवड झाली, आणि पुढच्याच वर्षी एका स्थलांतरितांच्या मंडळीच्या पाळकांना हटवण्यावरून झालेल्या वादात त्यांनी राजीनामा दिला. ही उदाहरणं मी आदर्श म्हणून देत नाही. वडील जेव्हा म्हणतील "लुथरन असं करतच नाहीत", तेव्हा करतात, करताना भांडतात, फुटतात, आणि काही जण तरीही त्याच बाकावर बसून राहतात, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

तुमची मंडळी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) नाकारेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. नाकारलं तर दुसरी मंडळी शोधण्यात काही गैर नाही. "मला घर सोडायचं नाही" असं तुम्ही लिहिता तेव्हा त्यात ही इमारत येते की नाही, याचा विचार करून ठेवा. काही जणी शेवटी श्रद्धाच सोडतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र ट्रान्स असणं आणि देव मानणं एकत्र नांदूच शकत नाही, असं तुम्हाला दोन्हीकडून ऐकवलं जाईल, मंडळीतल्या काकांकडून आणि तुमच्या मोकळ्या विचारांच्या मित्रांकडूनही. दोघंही तुमच्या जागी उभे नाहीत.

वडिलांबद्दल थोडं, कारण पत्रात ते फक्त एका ओळीत आहेत. कार्यकारिणीवरच्या माणसाला दुहेरी भीती असते. मुलाला गमावण्याची, आणि दर रविवारी ज्यांच्यासमोर अर्पणाची थाळी घेऊन फिरायचं त्यांच्या नजरांची. दुसरी भीती ते कबूल करणार नाहीत. ती पहिल्या भीतीच्या आवाजात बोलेल. "लोकांना काय सांगू?" असं विचारलं तर भांडू नका, खरंच एक वाक्य लिहून द्या. "आमची मुलगी आहे, तिच्याबद्दल तिलाच विचारा," एवढं पुरतं. मी पाहिलेल्या एका वडिलांनी तो कागद पाकिटात ठेवला होता. अकरा महिने वापरला नाही. मग एकदा वापरला.

आता गायनमंडळ. इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोननं आवाज बारीक होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉननं स्वरतंतू जाड झालेले असतात आणि ते मागे फिरत नाहीत. त्यामुळे आवाज आपोआप बदलेल म्हणून वाट पाहू नका. बोलण्याच्या आवाजासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ मदत करतात. तिथे पट्टी चढवण्यापेक्षा आवाजाचा घुमार कुठे बसतो यावर जास्त काम असतं. गाण्यात घाई नको. बास गाणारी स्त्री असायला कुणाची हरकत नाही, पण तिथे उभं राहणं तुम्हाला जड जात असेल तर टेनरकडे, म्हणजे बासच्या वरच्या आवाजाकडे, सरका. टेनरमध्ये स्त्रिया गातच असतात, कुणी फारसं वळून बघत नाही, आणि झगे बहुतेक गायनमंडळांत सगळ्यांचे सारखेच असतात. बासमधून एकदम आल्टोवर (स्त्रियांच्या खालच्या आवाजावर) उडी मारली तर घसा खराब होईल. संचालकांना कारण सांगायची गरज नाही, "वरचे सूर तयार करायचेत" एवढं म्हणा. पुढच्या सरावाला टेनरची ओळ मागून घ्या, पहिले काही आठवडे हलक्या आवाजात गा, आणि घसा दुखायला लागला की त्या दिवशी तिथेच थांबा.